लोणारच्या सरोवराचा आकडा

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत अपरिचित नाहीं. उल्कापातानें बेसाल्टच्या कठीण खडकांत पडलेलें तें सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचें विवर, तळाशीं साठलेलें खारें पाणी, काठावरचीं जुनीं देवळें आणि २०२० सालच्या जून महिन्यांत एकाएकीं गुलाबी झालेला त्या पाण्याचा रंग, यांविषयीं पुष्कळ लिहिलें-बोललें गेलें आहे. परंतु याच सरोवराचा एक आकडा संगणकाच्या एका फाइलींत बसलेला आहे. विवराच्या मध्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारा तो आकडा. तो बाहेर काढूं पाहणाऱ्या मनुष्याच्या हातून काय अनर्थ होऊं शकतो, आणि तो टाळण्यास सी नांवाच्या संगणकभाषेंत कोणती सावधगिरी लागते, हा आजचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. पण सरोवराच्या उतारावर पडलेलें पावसाचें पाणी आंत येतें कीं बाहेर जातें, याचा निर्णय हल्लीं अशाच आकड्यांवरून होतो, आणि आकडा खोटा निघाला तर निर्णयही खोटा निघतो.

२००० सालच्या फेब्रुवारींत एंडेव्हर या अमेरिकन अवकाशयानानें अकरा दिवस पृथ्वीभोंवतीं फिरून रडारच्या साहाय्यानें भूपृष्ठाची उंची मोजली. त्या मोजणीचें फळ एकेका अंशाच्या चौकोनांत वाटून ठेविलेलें आहे. प्रत्येक चौकोनास एक फाइल, आणि चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून त्या फाइलीचें नांव. लोणारच्या विवराचा मध्य १९ अंश ५८ कला ३६ विकला उत्तर अक्षांशावर व ७६ अंश ३० कला ३० विकला पूर्व रेखांशावर येतो. अंशाचा साठावा भाग ती कला आणि कलेचा साठावा भाग ती विकला. म्हणून लोणारची फाइल ‘एन १९ ई ०७६’ या नांवाची. जिजाबाईंचें जन्मस्थान सिंदखेड राजा हेंही याच चौकोनांत पडतें. खुद्द बुलढाणें शहर मात्र याच्या वरच्या चौकोनांत जातें.

ही फाइल उघडली असतां आंत काय दिसतें? केवळ आकडे. प्रस्तावना नाहीं, मथळा नाहीं, ‘येथें इतक्या ओळी आहेत’ असें सांगणारा एक शब्दही नाहीं. चौकोनाच्या उत्तर कडेवर पश्चिमेकडून पूर्वेकडे आकड्यांची एक ओळ, तिच्या दक्षिणेस दुसरी, असें करीत शेवटची ओळ दक्षिण कडेवर येते. दर ३ विकलांस एक आकडा, म्हणजे लोणारच्या बाजूस सुमारे ९० मीटरांस एक. दोन्ही कडा धरून एका ओळींत १,२०१ आकडे आणि ओळीही १,२०१. एकूण आकडे १४,४२,४०१. प्रत्येक आकड्यास दोन बाइट लागतात, तेव्हां फाइलीचें वजन नेमकें २८,८४,८०२ बाइट.

आतां विवराचा मध्य शोधावयाचा. उत्तर कडेपासून तो ८४ विकला खालीं आहे, म्हणजे २८ ओळी सोडाव्या लागतात. पश्चिम कडेपासून तो १,८३० विकला आंत आहे, म्हणजे पुढच्या ओळींतील ६१० आकडे सोडावे लागतात. अठ्ठावीस वेळां १,२०१ आणि त्यांत ६१०, मिळून ३४,२३८ आकडे झाले. त्यापुढचा आकडा तो लोणारचा. हिशेब इतका सरळ कीं शाळेंतल्या मुलानेंही करावा.

घोटाळा पुढें होतो. २०१४ सालच्या सप्टेंबरपासून त्याच मोजणीचे अधिक बारीक आकडे जगाला टप्प्याटप्प्यानें खुले करण्यांत आले. त्यांत दर विकलेस एक आकडा आहे, ओळींत ३,६०१ आकडे आहेत व ओळीही तितक्याच. ती फाइल २,५९,३४,४०२ बाइटांची, म्हणजे पहिलीच्या जवळजवळ नऊपट आहे. आणि नांव? नांव तेंच, ‘एन १९ ई ०७६’. एकाच नांवाचीं दोन माणसें एका गांवांत असलीं म्हणजे टपालवाल्याची जी त्रेधा उडते ती येथें संगणकाची उडते. फरक इतकाच कीं टपालवाला चार घरीं चौकशी करतो. संगणकाला चौकशी करावयास कोणी सांगितलें नसेल तर तो करीत नाहीं.

सी ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली. त्या काळचीं यंत्रें लहान आणि मेमरी, म्हणजे संगणकाची कामापुरती स्मृति, अत्यंत थोडी. वेग आणि काटकसर यांना त्या वेळीं मोल होतें. त्यामुळें लिहिणारा जाणता आहे, तो आपलें माप आपण सांभाळील, असें गृहीत धरून भाषेंत पहारेकरी ठेविलाच नाहीं. फाइल वाचावयाची तर तींतील मजकुरासाठीं मेमरींत जागा मागावी लागते. ती ‘मॅलॉक’ या आज्ञेनें मागतात. जितके बाइट मागितले तितके मिळाले तर त्या जागेचा पत्ता हातीं येतो. न मिळाल्यास शून्य पत्ता येतो. नंतर त्या जागेंत किती माल ओतला जातो याकडे भाषा पाहात नाहीं. रेल्वेच्या गुदामांत दहा खण भाड्यानें घेतलेल्या व्यापाऱ्याच्या वीस खण भरतील इतक्या कपाशीच्या गाड्या आल्या आणि हमालांनीं उरलेला माल शेजाऱ्याच्या खणांत, शेजाऱ्याच्या मालावर, निमूटपणें रिचविला, असा हा प्रकार. शेजाऱ्याच्या खणांत काय होतें? कदाचित् दुसरा एखादा नकाशा, कदाचित् गुदामाचेंच खातेंपुस्तक, म्हणजे कोणता खण कोणाचा याची नोंद. हें खातेंपुस्तक बिघडलें कीं पुढें कोठें तरी, भलत्याच वेळीं, सगळी आज्ञावली कोसळते, आणि दोष कोठला तें शोधण्यांत दिवस जातात.

आतां लोणारकडे परत येऊं. अशी कल्पना करावी कीं २०१४ पूर्वीं लिहिलेली एक आज्ञावली आहे. तिच्या हाडींमांसीं १,२०१ हा आकडा खिळलेला आहे. ती २८,८४,८०२ बाइट मागते आणि फाइल संपेपर्यंत वाचीत राहते. तिच्यापुढें नवी फाइल आली. जागा अठ्ठावीस लाखांची आणि माल अडीच कोटींहून अधिक. आज्ञावली मध्येंच मरते. पडद्यावर एक रागीट ओळ उमटते, काम थांबतें. हा झाला पहिला अपघात, आणि खरें म्हणजे तिहींत सर्वांत सौम्य. कारण तो होतांच कळतो. त्याची दुसरी बाजू मात्र सौम्य नाहीं. कोणी मुद्दाम रचलेली फाइल पुढें केली, तर ओसंडून जाणारा मजकूर शेजारच्या जागेंत हवें तें लिहूं शकतो, आणि यंत्राचा ताबा परक्याच्या हातीं जातो.

दुसऱ्या आज्ञावलीचा लेखक शहाणा आहे. जितकी जागा मागितली तितकेंच वाचावयाचें, असा त्याचा दंडक आहे. नवी फाइल आली तरी तो २८,८४,८०२ बाइटच वाचतो आणि थांबतो. मेमरी ओसंडत नाहीं. कोणताही परीक्षक या आज्ञावलीस सुरक्षित म्हणेल. आतां तो लोणारचा आकडा मागतो. आज्ञावली इमानानें ३४,२३८ आकडे मोजून सोडते आणि पुढचा हातीं देते. परंतु नव्या फाइलींत ओळ ३,६०१ आकड्यांची आहे. त्या हिशेबानें ३४,२३८ आकड्यांत नऊ पूर्ण ओळी आणि वर १,८२९ आकडे होतात. म्हणजे हातीं आलेली जागा उत्तर कडेपासून अवघ्या ९ विकला खालीं, आणि पश्चिम कडेपासून १,८२९ विकला आंत. खरी जागा १,८३० विकलांवर होती! पूर्व-पश्चिम दिशेनें चूक एका विकलेची, सुमारे तीस मीटरांची; उत्तर-दक्षिण दिशेनें मात्र ७५ विकलांची, म्हणजे सुमारे २.३ किलोमीटरांची. विवराची त्रिज्या एक किलोमीटरहून कमी, तेव्हां हा आकडा विवराच्या बाहेर, उत्तरेकडच्या सपाटीवर जाऊन पडला. सरोवराच्या तळाऐवजीं माळरानाची उंची मिळाली, आणि सरोवर कागदावर सुमारे शंभर मीटर वर उचललें गेलें.

यांतला खरा धोका असा कीं तो आकडा हास्यास्पद नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या त्या भागांत शोभेल अशीच ती उंची आहे. कोणाला संशय यावा असें तींत कांहीं नाहीं. सगळा नकाशा काढून पाहिला असता तर तो तिपेडी वेणीप्रमाणें विसकटलेला दिसला असता, आणि त्यांत चौकोनाच्या उत्तरेचा केवळ बारा किलोमीटरांचा पट्टा आलेला आहे हेंही उमगलें असतें. परंतु एकच आकडा मागणाऱ्यास नकाशा दिसत नाहीं. म्हणून ‘मेमरी ओसंडली नाहीं’ एवढ्यावर समाधान मानणारी सुरक्षितता अर्धी समजावी.

तिसरा अपघात याच्या उलट आहे. आज्ञावली नवी, ३,६०१ ची सवय असलेली. तिच्यापुढें जुनी लहान फाइल आली. तिनें अडीच कोटींहून अधिक बाइटांची जागा मागितली, ती मिळाली, आणि फाइल अठ्ठावीस लाखांतच संपली. उरलेल्या जागेंत काय आहे? मॅलॉक जागा देतांना ती झाडून-पुसून देत नाहीं. तींत त्याच आज्ञावलीच्या मागल्या कामाचा केरकचरा असूं शकतो, आणि तो कचरा डोंगर-दऱ्या म्हणून वाचला जातो. कोणी म्हणेल, मग ‘कॅलॉक’ वापरावें. तें जागा शून्यांनीं भरून देतें. देतें खरें; पण मग नकाशाचा बहुतेक भाग समुद्रसपाटीवर येतो, आणि सिंदखेड राजाच्या दक्षिणेस सागर पसरतो. खोटें स्वच्छ झालें, एवढेंच.

तर मग रीत कोणती? जागा मागण्यापूर्वीं फाइलीचें माप विचारावें. या फाइलीपुरतें बोलावयाचें तर मापें दोनच संभवतात, २८,८४,८०२ आणि २,५९,३४,४०२. पहिलें असेल तर ओळ १,२०१ ची, दुसरें असेल तर ३,६०१ ची. तिसरेंच कांहीं निघालें तर अंदाज न करतां फाइल परत करावी आणि कारण स्पष्ट सांगावें. अर्धवट उतरून घेतलेली फाइल बहुधा येथेंच पकडली जाते. नंतर जागा मागावी, आणि पत्ता शून्य तर नाहीं ना, हें पहिल्या वापरापूर्वीं पाहावें. नंतर वाचावें, आणि वाचणारी आज्ञा ‘मीं इतके आकडे वाचले’ म्हणून जी संख्या परत देते ती मागितलेल्या संख्येशीं ताडून पाहावी. ही शेवटची तपासणी बहुतेक लोक गाळतात, आणि तिसरा अपघात तेवढ्याचमुळें घडतो. काम आटोपल्यावर जागा परत करावी, ती एकदांच करावी, आणि परत केलेल्या जागेचा जुना पत्ता पुसून टाकावा. कारण तीच जागा दुसऱ्यांदा परत करणें म्हणजे गुदामाच्या खातेंपुस्तकावर शाई सांडण्यासारखें आहे.

एक गोष्ट जातां जातां. या आकड्यांत मोठा बाइट आधीं आणि लहान मागून असतो. आजच्या बहुतेक यंत्रांची सवय उलट आहे. उदाहरणार्थ ४८० हा आकडा १ आणि २२४ या दोन बाइटांत लिहितात. ते उलट वाचले तर उणे ८,१९१ मीटर उंची मिळते. ही चूक बरी. ती स्वतःच ओरडून सांगते.

लोणारच्या फाइलीला मथळा नाहीं. पण पुष्कळ चित्रांच्या व नकाशांच्या फाइलींना तो असतो, आणि ‘रुंदी इतकी, उंची इतकी’ असें त्यांत लिहिलेलें असतें. वाचणाऱ्याला वाटतें, आतां सोय झाली. परंतु तें फाइलीचें स्वतःविषयींचें म्हणणें आहे, पुरावा नव्हे. समजा, मथळ्यांत रुंदी ६५,५३६ आणि उंचीही ६५,५३६ लिहिली आहे. गुणाकार ४,२९,४९,६७,२९६ होतो. बत्तीस अंकस्थानांच्या द्विमान संख्येंत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याहून हा बरोबर एकानें मोठा आहे. मोटारीच्या मैल मोजणाऱ्या यंत्रानें ९९,९९९ नंतर पुन्हां शून्यावर यावें तसा हा गुणाकार शून्य होतो. आज्ञावली शून्य बाइट मागते, तिला नाममात्र जागा मिळते, आणि मग ती तींत चारशें कोटी बाइट ओतावयास निघते. म्हणून गुणाकार करून तपासण्याऐवजीं भागाकार करून तपासावें: जास्तींत जास्त परवडणाऱ्या मापाला रुंदीनें भागावें, आणि उंची त्या भागाकाराहून मोठी असेल तर तेथेंच थांबावें.

फाइलीचें माप आधीं विचारतांच येत नाहीं असेही प्रसंग असतात. मजकूर दुसऱ्या आज्ञावलीकडून नळांतून यावा तसा येत असेल तर शेवट कोठें आहे हें आधीं कोणास ठाऊक? शिवाय माप विचारणें आणि वाचणें यांच्या मधल्या क्षणीं दुसरा कोणी फाइलींत भर घालूं शकतो. अशा वेळीं थोडी जागा घेऊन वाचावयास आरंभ करावा, ती भरली कीं दुप्पट मागावी, आणि या दुपटीस एक कमाल मर्यादा आधींच ठरवून ठेवावी. जागा वाढविण्याच्या ‘रीॲलॉक’ या आज्ञेंत एक खांच आहे. वाढीव जागा न मिळाल्यास ती शून्य पत्ता देते, पण जुनी जागा तशीच राखते. पुष्कळ लोक नवा पत्ता थेट जुन्याच्या ठिकाणीं लिहितात. मग जुना पत्ता पुसला जातो, आणि आंतल्या मालासह तो खण कायमचा हरवतो. नवा पत्ता वेगळ्या कागदावर घ्यावा, तो खरा असल्याची खात्री करावी, मगच जुना खोडावा.

मापाविना वाचण्याची संवय किती महाग पडते याचें उदाहरण १९८८ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जगानें पाहिलें. सी भाषेंत ‘गेट्स’ नांवाची एक आज्ञा होती. ती ओळ संपेपर्यंत वाची. जागा किती आहे हें तिला सांगण्याची सोयच नव्हती. अमेरिकेंतील अनेक यंत्रांवर चालणाऱ्या एका सेवेनें तिच्यासाठीं ५१२ बाइटांची जागा ठेविली होती. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेल्या आज्ञावलीनें त्याहून लांब ओळ पाठविली, आणि ओसंडलेल्या बाइटांच्या वाटेनें ती यंत्रामागून यंत्रांत शिरली. तरीही ही आज्ञा भाषेच्या अधिकृत नियमांतून काढून टाकण्यास २०११ साल उजाडावें लागलें. तेवीस वर्षें! दार मोडकें आहे हें ठाऊक असूनही, जुन्या आज्ञावल्या त्याच दारानें ये-जा करीत म्हणून तें ठेविलें गेलें.

आणखी एक बाब विशेषेंकरून मराठी लिहिणाऱ्यांची आहे. नकाशावर आकड्यांबरोबर गांवांचीं नांवें लागतात, आणि तीं दुसऱ्या एका फाइलींतून वाचलीं जातात. रोमन लिपींत एका अक्षरास एक बाइट लागतो, म्हणून ‘गांवाच्या नांवास बत्तीस बाइट पुरे’ असें जुन्या आज्ञावल्यांत सर्रास लिहिलेलें आढळतें. परंतु केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं आंखलेली जी लेखनपद्धति आज जगभर रूढ आहे, तींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हीं सर्व स्वतंत्र चिन्हें मोजलीं जातात. ‘लोणार’ हें नांव डोळ्याला तीन अक्षरांचें दिसतें. चिन्हें पांच, बाइट पंधरा, आणि नांव संपल्याची खूण म्हणून शेवटीं एक शून्य, मिळून सोळा. तें बत्तिसांत सुखानें मावतें. ‘सिंदखेड राजा’ घेतल्यास डोळ्याला अक्षरें सहाच. पहिल्या शब्दाचीं चिन्हें सात, म्हणजे २१ बाइट. मधल्या रिकाम्या जागेचा १. दुसऱ्या शब्दाचीं चिन्हें चार, म्हणजे १२. आणि शेवटचें शून्य. एकूण ३५. बत्तिसांच्या जागेंत तीन बाइट बाहेर सांडले.

येथेंही सावध लेखक मजकूर मर्यादेंत छाटतो. बत्तिसांपैकीं एक बाइट शून्यासाठीं राखून तो एकतीस बाइट घेतो. एकवीस, एक आणि नऊ मिळून बरोबर एकतीस होतात. म्हणजे दुसऱ्या शब्दाचीं तीन चिन्हें येतात आणि शेवटचा काना गळतो. मेमरी सुरक्षित राहते, यंत्र कुरकुरत नाहीं, आणि नकाशावर जिजाबाईंच्या जन्मगांवाचें नांव ‘सिंदखेड राज’ असें उमटतें. ठरीव खणाची रीत सोडून प्रत्येक नांवाचे बाइट आधीं मोजावे, त्यांत शून्याचा एक मिळवावा, आणि तितकेच मागावे. सिंदखेड राजासाठीं ते पस्तीस आहेत.